दौत सरकारची

तलाठ्याचा नातू म्हटलं की आमच्याकडं लोक हसत विचारतात, ‘मग काय, आजोबांनी बक्कळ जमीन करून ठेवली असंल की!’ आजोबांनी जमीन केली नाही. उलट त्यांच्या लेखणीनं सख्ख्या बहिणीच्या घरची दीड एकर गेली. ते बरोबर झालं का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

पूर्वी गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असायचं. ते वतन होतं. बापामागं पोराकडं जायचं. कुणाची जमीन कुठली, सारा किती, हे सगळं एका घराच्या हातात. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात हे कुलकर्णी वतन मोडलं आणि पगारी तलाठी नेमले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तलाठी मात्र राहिला. आजोबा त्यांतलेच एक. ‘ही नोकरी हाय, वतन न्हवं,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

माणूस कोरडा नव्हता. भोगावतीकाठच्या सज्जातून सायकलवरून येताना धोतराच्या सोग्यात आम्हा नातवंडांसाठी बोरं, नाहीतर हरभऱ्याचा ढाळा असायचाच. मला गोवर निघाला तेव्हा तीन रात्री उशाशी बसून होते. आणि बहीण तर पाठची, एकुलती एक.

कूळ कायदा १९४८ चा, पण खरा दणका बसला १ एप्रिल १९५७ ला. जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो त्या दिवसापासून कायद्यानं मालक धरला गेला. मूळ मालकाला ठरलेली किंमत मिळायची. आत्याआजीचे मालक मुंबईला गिरणीत, रान दुसऱ्याला खंडानं दिलेलं. कायद्याची चाहूल लागल्यावर पीकपाहणीच्या रकान्यात मालकाचंच नाव घालून घ्यायची खटपट गावोगाव चालली होती. आत्याआजीही आली. ‘दादा, एक नाव तर लिवायचं हाय!’ आजोबा बांधावर गेले, औत कुणाचं चाललंय ते बघितलं आणि कुळाचं नाव लिहिलं.

‘अवो, पाठच्या भणीच्या पोटावर पाय दिलासा!’ आजी म्हणाली.

‘दौत सरकारची हाय. कणगी आपली हाय. त्यातलं काय द्यायचं ते बोल.’

त्या सुगीपासून दर साली भाताची दोन पोती बहिणीच्या दारात जाऊ लागली. पहिल्या साली गाडी पोत्यांसकट माघारी आली. दुसऱ्या सालीही. तिसऱ्या साली पोती उतरून घेतली. बोलणं मात्र झालं नाही.

वडील म्हणायचे, ‘इमान त्यांचं, पण पोटाला चिमटा आमच्या. आम्हाला कुणी इचारलं हुतं?’ हे खोडून काढता येत नाही. इमानदारीची किंमत बहुधा घरची माणसं मोजतात, आणि नाव एकाचंच होतं. पण मला त्या कुळाचं घरही दिसतं. त्याच्याही बायकापोरांचं पोट त्याच दीड एकरावर होतं, आणि चावडीत त्यांचा भाऊ बसलेला नव्हता. लेखणी रक्ताच्या ओढीनं चालली असती तर वतन मोडून काय उपयोग झाला असता? दुसऱ्याचं उचलून बहिणीला द्यायचा हक्क आजोबांना नव्हता. स्वतःचं द्यायचा होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत बजावला. खरं लिहिलं म्हणून बहिणीचं देणं फिटलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. मला त्यांचा मोठेपणा नोंदीपेक्षा या पोत्यांत जास्त दिसतो.

आता सातबारा संगणकावर निघतो. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पण नोंद घालायला निघालं की शेजारी अजूनही पहिल्यांदा तेच विचारतो, ‘आत आपलं कोण हाय का?’