सुवर्णांची मोजणी आणि पीटीचा तास

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताने २८ सुवर्णपदके जिंकली. त्यातली १६ पदके ज्या प्रकारांत मिळाली, ते प्रकार पुढच्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हतेच. कंपाउंड धनुर्विद्येची पाच, कबड्डीची दोन, क्रिकेटची दोन, स्क्वॉशची दोन, ही झाली अकरा. नेमबाजीच्या सातपैकी पाच सांघिक प्रकारांतली होती, आणि पॅरिसला ते सांघिक प्रकार नव्हते. उरली बारा. एकूण पदके १०७, जकार्ताच्या ७० वरून थेट शंभरीपार. तेव्हा देशभर जो जल्लोष झाला तो समजण्यासारखाच होता. वर्षभराने पॅरिसहून आपण एक रौप्य आणि पाच कांस्य घेऊन परतलो. सुवर्ण एकही नव्हते. मग त्याच वाहिन्यांवर, बहुधा त्याच तज्ज्ञांनी, भारतीय खेळाचे काय चुकते यावर चर्चा केली. काय चुकते ते वर्षभरापूर्वीही तेवढेच चुकत होते.

हा हिशेब मी कुणाचे सुवर्ण हलके ठरवण्यासाठी मांडत नाही. पन्नास मीटरवरून ऐंशी सेंटिमीटरच्या लक्ष्याचा मध्य पुन्हा पुन्हा भेदणाऱ्याची एकाग्रता ऑलिंपिक समितीच्या यादीवर अवलंबून नसते. शिवाय ती यादीही हलत असते. २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट आहे, स्क्वॉश आहे, कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही आहे. मुद्दा एवढाच, की पदकतक्ता हे देशाचे खाते आहे. त्यात नेमबाजाचे सांघिक सुवर्ण आणि हॉकी संघाचे सुवर्ण एकाच रकान्यात बसते, आणि ते कुठल्या गावात, कुणाच्या कष्टातून तयार झाले हे त्या रकान्यात दिसत नाही. अमरावती-अकोल्यात बसून तक्ता वाचणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये.

आमच्या वऱ्हाडाचा या तक्त्याशी जुना आणि जरा चमत्कारिक संबंध आहे. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी सुरू केलेला आखाडा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. क्रांतिकारक राजगुरूंनी इथे काही काळ व्यायामाचे शिक्षण घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. विदर्भाबाहेर ज्या गावाची ओळख बहुतेकांना कापसापुरती होती, त्या गावची पोरे बर्लिनमध्ये दम धरून कबड्डी-कबड्डी म्हणत होती! त्यानंतर कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला चोपन्न वर्षे लागली. १९९० ला बीजिंगमध्ये ती आली, आणि त्या स्पर्धेत भारताला एकूण २३ पदकांत जे एकमेव सुवर्ण मिळाले ते कबड्डीचे. त्या वर्षी देशाची लाज राखली ती या मातीतल्या खेळाने.

त्याच खेळाचे पुढचे पान वाचू. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्ण भारताचेच होते. २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्या पुरुषांना हरवले आणि अंतिम सामन्यात इराणच्याच महिलांनी आपल्या महिलांना २७-२४ असे नमवले. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांना नावे ठेवणारे तेव्हाही होते. मला तर ती महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट वाटते. शिकवण्याची विद्या आपल्याकडे होती, तिची किंमत दुसऱ्यांनी ओळखली. हांगझोऊला आपण दोन्ही सुवर्णे परत आणली, पण कशी? महिलांनी चायनीज तैपेईवर २६-२५ असा निसटता विजय मिळवला. देशाचे शंभरावे पदक ते हेच. पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ वर पवन सेहरावतच्या चढाईवरून, जुना नियम लावायचा की नवा यावर, असा घोळ झाला की सामना तासभर थांबला, आणि मग ३३-२९. त्या बारा जणांच्या संघात महाराष्ट्राचे दोघे होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. विदर्भाचा एकही नव्हता. बर्लिनला खेळ दाखवणाऱ्या प्रदेशाला हे खटकायला हवे, आणि खटकत नसेल तर तेही तपासायला हवे.

तरीही हांगझोऊहून वऱ्हाडात सोने आले. एकाच आठवड्यात दोन तरुणांनी आणले, आणि दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या की मला त्यांच्यात आख्खा प्रश्न दिसतो.

अमरावतीचा जितेश शर्मा यष्टिरक्षक. त्याने भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना हांगझोऊलाच, ३ ऑक्टोबरला नेपाळविरुद्ध खेळला. ५ ऑक्टोबरला मायदेशी विश्वचषक सुरू होत असल्यामुळे ज्येष्ठ खेळाडू इकडेच होते आणि ऋतुराज गायकवाडच्या हाताखाली दुसरी फळी तिकडे गेली. ७ तारखेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तान ५ बाद ११२ वर असताना पाऊस आला, सामना पुन्हा सुरू झालाच नाही, आणि क्रमवारीच्या जोरावर सुवर्ण भारताला मिळाले. यात जितेशचा काही दोष नाही. पाऊस कुणाला विचारून पडत नाही. पण तो तिथवर पोहोचला त्यामागे काय होते? जिल्ह्याचे क्रिकेट, नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन, रणजी आणि आयपीएल. सरकारी क्रीडाखात्याला फारसे न विचारता चालणारी, पैशाने समृद्ध अशी ही साखळी आहे. अकोल्याचा अथर्व तायडे याच साखळीतून वर आला. क्रिकेटमध्ये वऱ्हाडातल्या पोराला आज बाजारच शोधून काढतो, आणि बाजाराचा हा एक गुण मान्य करायला काय हरकत आहे.

दुसरा बुलढाण्याचा धनुर्धर प्रथमेश जावकर. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात या एकोणीस वर्षांच्या मुलाने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. श्लोसर म्हणजे कंपाउंडमधले जगातले पहिल्या रांगेतले नाव. हांगझोऊला ५ ऑक्टोबरला अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने दक्षिण कोरियाला २३५-२३० ने नमवून सांघिक सुवर्ण घेतले. ओजस मूळचा नागपूरचा. त्याने वैयक्तिक, सांघिक आणि मिश्र अशी तीन सुवर्णे जिंकली, पण शेवटचा पैलू पाडून घ्यायला त्याला नागपूर सोडून साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे जावे लागले. प्रथमेश बुलढाण्यातच घडला, तो पोलीस दलातली नोकरी सांभाळून मुलांना शिकवणाऱ्या चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली. म्हणजे या सुवर्णामागे ना बाजार होता, ना मोठी संस्था. एक माणूस होता. त्याला वेड नसते, किंवा त्याची नोकरी दुसऱ्या गावी असती, तर प्रथमेशच्या हातात धनुष्य आले असते का, कोण जाणे. ज्या पदकाचे श्रेय आपण ‘यंत्रणे’ला देऊन टाकतो ते अनेकदा अशा योगायोगावर उभे असते.

इथे एक नेहमीचे वाक्य ऐकू येते: मेळघाटातल्या कोरकू पोरांच्या रक्तातच तिरंदाजी आहे, त्यांना फक्त संधी द्या. हे वाक्य बोलणाऱ्याला मोठे उदार वाटते. प्रत्यक्षात कंपाउंडचे स्पर्धेचे धनुष्य, दुर्बीण, रिलीज आणि बाण मिळून खर्च काही लाखांच्या घरात जातो. सरावाला पन्नास मीटरचे मोकळे मैदान आणि वर्षानुवर्षे चूक दाखवणारा डोळा लागतो. रक्ताचे कौतुक केले की या तीनही गोष्टींची जबाबदारी टळते. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वरच्या एकलव्य अकादमीत गावखेड्यातल्या मुलामुलींनी धनुर्विद्या शिकून राष्ट्रीय पातळी गाठली, ती रोज शिकवणारे कुणी तिथे होते म्हणून.

अकोल्याची गोष्ट मुष्टियुद्धाची. वसंत देसाई क्रीडांगण आणि शासनाची निवासी क्रीडा प्रबोधिनी यांमुळे हे शहर राज्याच्या मुष्टियुद्धाचे एक केंद्र झाले. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे इथेच तयार झाला आणि त्याने इंडोनेशियातला प्रेसिडेंट्स कप आणि थायलंड ओपन अशा स्पर्धांत सुवर्णे जिंकली. पण हांगझोऊला मुष्टियुद्धात भारताला मिळालेल्या पाच पदकांत, एक रौप्य आणि चार कांस्य, महाराष्ट्राचे नाव नव्हते. हरियाणात तालुक्या-तालुक्यात रिंग आहे आणि रोज तोडीस तोड जोडीदार मिळतो. अकोल्यात चांगला बॉक्सर तयार होतो, पण सरावाला समोर उभा राहणारा त्याच्या ताकदीचा दुसरा बॉक्सर सापडत नाही. एखादी प्रबोधिनी एखादा वीर देऊ शकते. वीस वजनदार प्रतिस्पर्धी देण्यासाठी खाली शाळांचा विस्तार लागतो, आणि माझ्या मते गाडी अडते ती नेमकी तिथे.

अमरावतीचे खरे कर्तृत्व पदकांचे नाही, शिक्षकांचे आहे. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले पीटीचे शिक्षक राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या शाळांत पोहोचले. मल्लखांब, खो-खो, लेझीम, धावण्याची शर्यत, स्नेहसंमेलनातले मनोरे हे सगळे त्यांनीच शिकवले. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा ‘तू पळ, तुझ्यात वेग आहे’ असे सांगणारा माणूस म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला तोच शिक्षक. त्या जागांचे आज काय झाले? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षक नावाचे पदच नाही. शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त पट असेल तरच, तोही अंशकालीन, निदेशक देतो. त्या निदेशकांची वर्षे नियुक्ती, मानधन आणि कोर्टकचेरी यांतच गेली. वऱ्हाडातल्या खेड्यांत पटसंख्या शंभरच्या आत असलेल्या शाळा काही थोड्या नाहीत. म्हणजे ज्या मुलीत पुढची धावपटू दडलेली असू शकते, तिच्या शाळेत पीटीचा तास वेळापत्रकात असतो आणि त्या तासाला गणिताचे गुरुजी उरलेला धडा पूर्ण करून घेतात. गुरुजींनाही बोल लावता येत नाही. त्यांना चार वर्ग सांभाळायचे असतात.

याला उत्तर म्हणून सरकार वरच्या टोकाला पैसा ओतते. पदक जिंकले की रोख बक्षिसे, ऑलिंपिकच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूंना योजना, परदेशी प्रशिक्षक. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. तिथे पोहोचलेल्याला मदत द्यायलाच हवी. पण कोणाला तिथे पोहोचवायचे हा निर्णय त्याच्या दहा वर्षे आधी एखाद्या मातीच्या मैदानात होतो, आणि तिथे निर्णय घ्यायला कुणीच नसेल तर वरची योजना फक्त योगायोगाने वर आलेल्यांचीच यादी करत राहते.

पालकांचा प्रश्न मात्र वेगळा असतो आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ‘पोरगं खेळते ते ठीक हाये, पन नोकरी लागन का?’ हा प्रश्न वऱ्हाडात प्रत्येक मैदानाच्या कडेला विचारला जातो. दोन-चार एकर कोरडवाहू कपाशी असलेल्या घराला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. शासनाने त्याला दिलेले उत्तर म्हणजे दहावी-बारावीचे ग्रेस गुण आणि नोकरीतले पाच टक्के आरक्षण. हेतू चांगलाच होता. परिणाम असा, की खेळ हे प्रमाणपत्र मिळवण्याचे साधन झाले, आणि मग ज्या खेळांचे नाव गावात कुणी ऐकलेले नाही त्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणेही राज्याने पाहिली. खेळलेला मुलगा मागे राहतो आणि कागद जमवलेला पुढे जातो, तेव्हा कडेला उभा असलेला बाप आपल्या पोराला मैदानातून ओढून घरी नेतो. त्यात त्याचे काय चुकले?

कुणी म्हणेल, आशियाई सुवर्ण आणि खेड्यातला पीटीचा तास यांचा संबंध जोडणे म्हणजे ओढाताण आहे. प्रथमेश त्या तासाविनाच जिंकला ना? जिंकला. आणि म्हणूनच तो एकटा आहे. बुलढाण्यातल्या एका वेड्या प्रशिक्षकाकडून जे निघाले, त्याच्या दहापट वऱ्हाडातून निघू शकले असते असे मानायला जागा आहे, कारण शिकवणारी माणसे घडवण्याचा धंदा या प्रदेशाने शंभर वर्षे केला आहे. चीन आणि जपान यांच्या पदकतक्त्याशी आपली तुलना दर चार वर्षांनी होते. जपानच्या शाळांमध्ये संध्याकाळी चालणाऱ्या क्रीडा क्लबांशी आपल्या शाळांची तुलना कुणी करत नाही.

तालुका क्रीडा संकुले मात्र उभी राहत आहेत. कुठे पूर्ण, कुठे अर्धवट, कुठे कुलूपबंद. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत संकुलाच्या कुंपणभिंतीला निधी मंजूर होतो, कारण भिंत दिसते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते आणि तिचे काम कंत्राटदाराला देता येते. शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. या बैठकीत एखाद्या सदस्याने एवढेच विचारून पाहावे, की भिंतीच्या आत रोज सकाळी सहा वाजता शिट्टी कोण वाजवणार आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन दुकानात किंवा खाजगी जिममध्ये काम करणारे तरुण त्याच जिल्ह्यात आहेत. त्यांची यादी करायला एक कारकून आणि एक आठवडा पुरतो.