परक्या देशी, परक्यांच्या लेकरांत



५ सप्टेंबर हा कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांचा सण. हा सण जवळ आला की आमच्याकडे हमखास एक मागणी येते. पदवी हाती पडलेले तरुण-तरुणी येतात व म्हणतात, "फादर, परदेशात एका अनाथालयात सेवेसाठी जायचे आहे, शिफारसपत्र द्याल का?" कुणाला नेपाळला जायचे असते, कुणाला केनियाला. त्यांच्यामागोमाग त्यांची आई येते. तिचा प्रश्न अगदी वेगळा असतो: "फादर, तिला तिकडे करमेल का?"

पत्राचा निर्णय देण्याआधी आम्हांला आईच्या प्रश्नाकडे वळावेसे वाटते, कारण तो वरवर दिसतो तितका साधा नाही.

आपली भाषा या बाबतीत मोठी शहाणी आहे. घरच्या ओढीला इंग्रजीत एक नाम आहे. आपण मात्र "मला करमत नाही" असे म्हणतो. म्हणजे हे काही आपण करत नाही, ते आपल्या बाबतीत घडते. सासुरवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर जे गायिले ते दुसरे काय होते? युरोपातल्या विद्वानांना मात्र हा चक्क आजार वाटला. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे त्यावर प्रबंध लिहिला आणि ग्रीक भाषेतले 'परतणे' व 'वेदना' हे दोन शब्द जोडून त्याला 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. परमुलुखात राहणारे स्विस लोक घरच्या आठवणीने खंगत, हे त्याने नोंदवले होते. आजार म्हणा वा न म्हणा, त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या इस्राएल लोकांचे स्तोत्र (१३७) आपण उपासनेत म्हणतो. ज्याची देवाने प्रार्थना होऊ दिली, ते पाप कसे असेल?

मदर तेरेसांचेच पाहा. सप्टेंबर १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी स्कोपये शहर सोडले. आई व बहीण झाग्रेबपर्यंत सोबत आल्या आणि तेथील स्टेशनवर निरोप झाला. त्यानंतर माय-लेकींची भेट कधीच झाली नाही. पुढे आई व बहीण आल्बानियात तिरानाला राहू लागल्या. तेथे कम्युनिस्ट राजवट आली आणि सीमा बंद झाल्या. जगभर मान मिळवलेल्या मदरना आपल्या आजारी आईला भेटण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. आई १९७२ साली वारली, बहीण पुढच्या वर्षी. मदरना तिरानात पाऊल ठेवता आले ते १९८९ साली. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४८ साली लोरेटोचा मठ सोडून त्या कोलकात्याच्या झोपडपट्टीत उतरल्या, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत जागा शोधता शोधता पाय दुखून आले आणि मठातल्या सुखसोयींची तीव्र आठवण झाली, असे त्यांनी टिपून ठेवले आहे. स्कोपयेचे घर वीस वर्षांपूर्वीच सुटले होते. आता दुसरे घर आठवत होते. संतांनाही करमत नाही.

त्यांच्या घरांतून सेवा करण्यासाठी देशोदेशींचे तरुण कोलकात्याला येतात. मदर हाउसमध्ये सकाळी सहाची मिस्सा, मग चहा, पाव व केळे आणि त्यानंतर जो तो आपापल्या कामाच्या घरी. गुरुवारी सुट्टी. काम काय असते? कपडे हाताने धुणे, पिळणे, गच्चीवर वाळत घालणे, भांडी, फरशी आणि मग जमेल तसे भरवणे. स्पेनहून वा कोरियाहून एवढे पैसे खर्चून आलेल्या एखाद्याला वाटते, "मी काय धुणी धुवायला आलो?" आमचे मत विचाराल तर ते धुणे हेच तेथले सर्वांत निर्मळ काम आहे. त्यामुळे मुलांना रोज सांभाळणाऱ्या मासीचे हात मोकळे होतात. ती मासी उद्याही असणार आहे, परवाही. पाहुणा मात्र जाणार आहे.

येथेच खरी गोम आहे. संध्याकाळ होते, परक्या शहराचा गलबला कानी येतो, जेवण घशाखाली उतरत नाही. आणि दुसऱ्या दिवशी अनाथालयात पाय ठेवताच एक तीन वर्षांचे पोर धावत येऊन गळ्यात पडते. किती बरे वाटते! आपले रिकामेपण भरून निघते. तरुण घरी लिहितो की, येथली मुले किती प्रेमळ आहेत, पहिल्याच दिवशी बिलगली. बंधू-भगिनींनो, आपल्या घरातले तीन वर्षांचे मूल अनोळखी माणसाला बिलगते का? ते आईच्या पदराआड लपते. कुणाच्याही गळ्यात पडणारे मूल बहुतेक वेळा प्रेमळपणामुळे पडत नाही. त्याच्या जवळची माणसे पुन्हा पुन्हा बदललेली असतात.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि एका कायमच्या मायेच्या माणसाची लहान मुलाला किती गरज असते ते मांडले. रुमानियात २००० सालानंतर संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यातील निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. ती अनेक बाबतींत पुढे गेली, विशेषतः जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली ती. अशा मुलाला सहा आठवड्यांची ताई मिळते, मग ती जाते. दुसरा दादा येतो, तोही जातो. विमानतळावर आपण रडतो व घरी येऊन सावरतो. ते मूल कोठे जाऊन सावरणार?

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच की, आपल्याला करमत नाही याचे औषध त्या मुलाकडे मागू नये. उलट, आपल्याला करमत नाही म्हणूनच ते मूल आपल्याला कळू शकते. निर्गमाच्या पुस्तकात (२३:९) परमेश्वर इस्राएलला परक्याचा छळ करण्यास मनाई करतो, आणि कारण काय देतो? परक्याचे मन कसे असते हे तुम्ही जाणता, मिसर देशात तुम्हीही परके होता. देवाने तत्त्वज्ञान सांगितले नाही (आम्ही सेमिनरीत ते पुष्कळ शिकलो, म्हणून मुद्दाम सांगतो), त्याने त्यांना त्यांचीच आठवण दिली. तुमच्या उशीवर रात्री जे पाणी पडते, ते शेजारच्या खोलीतल्या लेकराच्या उशीवर किती वर्षे पडत असेल? आणि त्याच्या हातात परतीचे तिकीट नाही.

त्याला घर नाहीच, असेही समजू नका. २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण काठमांडूजवळच्या गोदावरी गावातील बालगृहात थोड्या मुदतीसाठी सेवेला गेला. हौशीने व थोड्या बढाईसाठीच गेलो, असे त्याने पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. मुले अनाथ आहेत असे सर्वांना वाटत होते. एके दिवशी दोन मुलांची आई दारात उभी राहिली! ही मुले दूरच्या हुमला जिल्ह्यातली होती. तेव्हा नेपाळात यादवी चालू होती (१९९६ ते २००६), आणि शिक्षणाचे व सुरक्षिततेचे आमिष दाखवून, आईबापांकडूनच पैसे घेऊन, दलालाने त्यांना आणले होते. ग्रेनन यांनी मग वेगळीच सेवा पत्करली. २००६ साली 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली आणि हुमल्याच्या डोंगरांत, जेथे गाडीरस्ता नव्हता, पायी हिंडून मुलांचे आईबाप शोधले. परक्यांनी अनाथालयात गर्दी केल्याने अनाथ 'तयार' होतात, हे आता जगाला कळून चुकले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अशा सेवा-पर्यटनातील धोक्यांची दखल घेतली.

मग कुणी जाऊच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. परिचारिका, शिक्षक, अपंग मुलांच्या हातापायांना व्यायाम देणारे यांनी जरूर जावे, जास्त दिवस जावे, आणि आपली विद्या तेथल्या मासींना देऊन यावे.

अशांसाठी आईच्या प्रश्नाचे उत्तर. पहिले तीन-चार आठवडे जड जातात, रविवारची संध्याकाळ तर फारच. त्या वेळी खोलीत पडून राहू नये. जवळचे चर्च शोधावे. भाषा कळली नाही तरी मिस्सा कळते. दिवसातून चारदा घरी फोन करू नये. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करावा. आणि आयांनो, तुम्हीही फोनवर "जेवलीस का गं" म्हणत हुंदके देऊ नका. तुमच्या रडण्याचे ओझे घेऊन ती दुसऱ्या दिवशी कामावर जाते. सुकटीची पुडी बांधून दिलीत तर आमची हरकत नाही. संत फ्रान्सिस झेविअर यांनी पूर्वेकडील बेटांवर फिरताना आपल्या सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या हातच्या सह्या कापून घेतल्या होत्या व त्या ते जवळ बाळगत. हजारो मैलांवर एकट्या फिरणाऱ्या त्या मिशनऱ्याला तेवढा आधार लागत होता, तर आपल्या मुलीने कुटुंबाचा फोटो उशाशी ठेवला तर काय बिघडले?

शिफारसपत्र मागणाऱ्यांना आम्ही यापुढे चार गोष्टी विचारू: किती महिने राहणार? कोणते काम येते? तुम्ही परतल्यावर त्या मुलांजवळ कोण असेल? आणि त्यांचे आईबाप हयात आहेत का, याची चौकशी केलीत का? उत्तरे लिहून आणावीत. मुलांचे फोटो काढून मित्रमंडळींना पाठवायचे असतील तर पत्र मिळणार नाही.

ज्यांना इतके दिवस जाणे जमणार नाही, त्यांनी संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या आपल्या सभासदांना भेटावे. वडील गेल्यामुळे मुलांना बोर्डिंगात ठेवण्याच्या विचारात असलेल्या आयांची माहिती त्यांना असते. वह्या-पुस्तकांचा, किराण्याचा व घरभाड्याचा भार काही काळ उचलला, तर ती मुले आपल्याच आईजवळ झोपतील. या कामासाठी शनिवारी संध्याकाळी दोन तास शिकवणी घेणारे तरुणही हवे आहेत. नावे मिस्सानंतर सॅक्रिस्टीत द्यावीत.