खैरलांजी आणि क्रूस

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे ठार केले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. खून दिसले, जात दिसली नाही. ख्रिस्ती धर्मचिंतनाची कसोटी इथेच लागते. अरविंद निर्मळ यांच्या दलित धर्मशास्त्राने दलितांच्या वेदनेलाच देवाला ओळखण्याची जागा मानले. चर्चने आत्म्यापुरते पाहावे, असे काहीजण म्हणतात. पण येशूला रोमी सत्तेने वेशीबाहेर, चारचौघांदेखत मारले. त्या मरणातून राजकारण वगळता येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: भोतमांगे बौद्ध होते, त्यांचे दुःख ख्रिस्ती चौकटीत का कोंबायचे? कोंबू नयेच. त्यांची वाट आंबेडकरांची. ख्रिस्ती समाजातही जात टिकून आहे, हा आंबेडकरांचा ठपका मात्र चर्चने आधी स्वतःवर घ्यावा. दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारणारा १९५० चा आदेश बदला, ही चर्चची मागणी रास्तच आहे. पण बाप्तिस्म्यानंतरही जात उरते, याची कबुलीही तिच्यातच आहे. आणि सोयरीक जुळवताना आजही जात विचारणाऱ्या ख्रिस्ती घरांना ती कबुली लागू होते.