धर्मयोद्ध्याला जाब कोण विचारणार?

बिलोलीच्या एका अंगाला नांदेड आणि दुसऱ्या अंगाला, देगलूर ओलांडलं की, बिदर. धर्मासाठी शस्त्र धरणारा माणूस नेमका कशामुळे धर्मयोद्धा ठरतो, या प्रश्नाचं एक फार विचारपूर्वक दिलेलं उत्तर या दोन गावांशी जोडलेलं आहे. काल्पनिक जगातले योद्धे रचणाऱ्यांनी ते पाहायला हवं, असं मला वाटतं. हे योद्धे ज्या खेळात येतात तो असा: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन जग चालवतो, आणि अडलेल्या जागी निकाल फासे देतात. अमेरिकेत १९७४ साली निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा मूळपुरुष. त्यात पुढच्याच वर्षी ‘पॅलाडिन’ हा वर्ग आला. शार्लमेन राजाच्या दंतकथांतल्या सरदारांचं नाव घेतलेला, हाताच्या स्पर्शाने जखमा भरून काढणारा, सदाचारी घोडेस्वार. १९७८च्या नियमपुस्तकात त्याच्यावर कडक बंधनं होती. दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, आणि जाणूनबुजून एक जरी दुष्कृत्य घडलं तरी सगळ्या शक्ती कायमच्या गेल्या. २०१४च्या आवृत्तीपर्यंत हे चित्र पालटलं. आता शक्ती येते ती पात्राने घेतलेल्या शपथेतून. सूडाची शपथसुद्धा चालते. जुन्या नियमात योद्धा घसरला की नाही हे सूत्रधार एकटा ठरवत असे, नव्यात ते बरंचसं खेळाडूवरच सोपवलेलं असतं. दोन्ही वेळा एक गोष्ट कोऱ्या कागदासारखी राहून गेली: जे त्याच्याबरोबर चालतात, त्यांना त्याच्याबद्दल काही म्हणता येतं का?

१६९९च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी शिखांचा खालसा पंथ स्थापला, तेव्हा शीर देण्यासाठी पुढे आलेल्या पाच जणांत बिदरचा साहिबचंद होता. परंपरा त्याला न्हावी सांगते. इथवरची गोष्ट शौर्याची आहे, आणि खेळ रचणारा ती सहज उचलेल: परीक्षा, दीक्षा, नवं नाव, तलवार. पण खरी कलाटणी त्यानंतर आहे. पाचांना दीक्षेचं अमृत दिल्यावर गुरूंनी त्याच पाचांपुढे उभं राहून स्वतःसाठी अमृत मागितलं. ज्याच्या हातून अधिकार मिळाला, त्याने तो आपल्याच शिष्यांच्या हातून परत घेतला. पॅलाडिनच्या कुठल्याही आवृत्तीत असं काही नाही. तिथे शक्ती वरून खाली येते, किंवा अलीकडे आतून बाहेर येते. बाजूच्या माणसाकडून ती कधी येत नाही.

नांदेडला १७०८ साली हाच धागा पुढे गेला. बहादूरशाहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेल्या गुरूंना गोदावरीकाठी माधोदास नावाचा बैरागी भेटला आणि तो त्यांचा बंदा झाला. परंपरेप्रमाणे त्याला पंजाबकडे पाठवताना पाच बाण, नगारा, निशाण आणि तिथल्या शिखांच्या नावे हुकूमनामे दिले गेले. शिवाय पाच शीख सोबती, ज्यांच्या सल्ल्याने त्याने चालायचं होतं. खेळाडूची नजर बाणांवर जाईल, कारण त्यांचं फाशांच्या आकड्यात ‘अधिक एक’ अशा फायद्यात रूपांतर करता येतं. माझ्या मते देणगी ते पाच सोबती होते. मे १७१०मध्ये चप्पर चिडीच्या लढाईत सरहिंदचा वजीरखान पडला, मुलूख हाती आला, आणि बंदाने नाणं पाडलं ते गुरूंच्या नावाचं, स्वतःच्या नव्हे. त्याआधी, १७०८च्याच ऑक्टोबरात, शिखांच्या श्रद्धेनुसार, देहधारी गुरूची परंपरा नांदेडला संपली. अधिकार ग्रंथ आणि पंथ यांच्याकडे गेला. त्या ग्रंथात हिंगोलीजवळच्या नरसीशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या नामदेवांची ६१ पदं आहेत. भक्तीचा आणि तलवारीचा संबंध मराठी मनाला परका, आपला संत टाळ धरतो, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इथे तलवार धरणाऱ्याने आपल्यावरचा अंकुश म्हणून जो ग्रंथ मानला, त्यात टाळ धरणाराही आहे.

निष्ठा आणि तपश्चर्या असली की योद्धा आपोआप पवित्र ठरतो, ही समजूत इतिहासात टिकत नाही. नागा गोसाव्यांपेक्षा कडक शिस्तीचे शस्त्रधारी संन्यासी शोधून सापडणार नाहीत. तरी १७६१ साली पानिपतावर अनुपगिरी गोसाव्याचे नागे शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे अब्दालीच्या बाजूने उभे होते. हाच अनुपगिरी १८०३ साली बुंदेलखंडात इंग्रजांना मिळाला. त्याला वाईट ठरवण्याची मला गरज वाटत नाही, त्या काळी बहुतेक सरदार असेच वागत. मुद्दा इतकाच की भस्म, व्रत आणि शौर्य सगळं जागेवर असताना, लढाई कोणाच्या बाजूने करायची हे एकट्या महंताच्या मर्जीवर होतं. खेळाच्या भाषेत त्याच्या सगळ्या शक्ती शाबूत होत्या. म्हणजे शक्ती शाबूत आहेत की नाहीत, यावरून पावित्र्य मोजताच येत नाही.

मग योद्ध्याला जाब विचारण्याचा अधिकार सोबत्यांना द्यावा. यावर पहिली हरकत खेळणाऱ्यांकडूनच येईल. एका खेळाडूच्या पात्राचा न्याय बाकीच्यांनी करायचा म्हटलं की भांडण ठरलेलं. पॅलाडिनवरून टेबलं मोडल्याचे किस्से काय कमी आहेत? पण ही भांडणं बहुधा दोन कारणांनी होतात. नियम आधी बोललेला नसतो, आणि शिक्षा एकच असते, सर्वस्व जाण्याची. मग सूत्रधार शिक्षा करायला कचरतो किंवा सूड घेतल्यासारखी करतो. शीख परंपरेतली तनखा वेगळ्या जातीची आहे. चुकलेल्याने संगतीपुढे उभं राहायचं, दोष मान्य करायचा, आणि सेवा पत्करायची: जोडे पुसणं, लंगरची भांडी घासणं. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराची आजची वास्तू १८३२ ते १८३७ या काळात ज्यांनी उभारली, त्या महाराजा रणजितसिंगांनाही अकाली फूलासिंगांनी अकाल तख्तापुढे दोषी ठरवून फटक्यांची शिक्षा सांगितल्याची कथा आहे. महाराजांनी पाठ उघडी केली आणि शिक्षा माफ झाली. राज्य गेलं नाही, तलवार गेली नाही. खेळात हे सहज आणता येईल: शक्ती तशीच राहावी, पण पुढच्या मुक्कामी पात्राने जखमींची सेवा करावी, पहारा द्यावा, लुटीतला वाटा सोडावा. अशी शिक्षा सांगताना कुणाचा हात थरथरणार नाही आणि भोगणारा टेबल सोडून जाणार नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. जिवंत धर्माच्या श्रद्धांना फाशांच्या खेळात ओढायचं का? निळा वेश, चक्र आणि पगडी उचलून ‘निहंग’ नावाचा वर्ग बनवू नये, गुरूंना पात्र करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. उचलायची ती रचना. आनंदपूरच्या वेढ्यात भाई कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत असे. सोबत्यांनी गुरूंकडे तक्रार केली, गुरूंनी त्याचं म्हणणं ऐकलं आणि त्याला मलमही दिलं. पॅलाडिनच्या एकाच हातात तलवार आणि स्पर्शाने बरं करण्याची कला कोंबण्यापेक्षा या कथेतली वाटणी कितीतरी शहाणी आहे. कुणीतरी करतो, कुणीतरी हरकत घेतो, आणि दोघांना ऐकून निर्णय होतो. त्यासाठी कुणाची पगडी उसनी घ्यावी लागत नाही.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप: सोबतीच चुकले तर? पाच जणांचा न्याय म्हणजे योग्य न्याय, याची हमी कोण देणार? बंदाचंच उदाहरण याविरुद्ध जातं. सोबत दिलेल्या पाचांपैकी बिनोदसिंग पुढे त्याच्यापासून वेगळा झाला. दोष कुणाचा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. १७१६ साली बंदाला दिल्लीत मारल्यानंतरही तत्त खालसा आणि बंदाचे अनुयायी, म्हणजे बंदई, यांच्यातला तंटा चालू राहिला. तो मिटला कसा, याची परंपरेतली हकीकत खेळ रचणाऱ्याने दोनदा वाचावी अशी आहे. भाई मणीसिंगांनी दोन्ही पक्षांच्या नावाच्या चिठ्ठ्या अमृतसरच्या सरोवरात सोडायला लावल्या, आणि जिची चिठ्ठी आधी वर आली ती बाजू खरी मानली. माणसांचं मत जिथे सारखं दुभंगलं, तिथे, आणि फक्त तिथेच, निकाल दैवाकडे गेला. फासे टाकण्याची याहून योग्य जागा मला सुचत नाही. तेव्हा पॅलाडिनच्या पानावर शक्तींच्या यादीच्या आधी काही ओळी रिकाम्या ठेवाव्यात. तिथे त्याला जाब विचारू शकणाऱ्यांची नावं खेळाडूने खेळ सुरू होण्यापूर्वी स्वतः लिहावीत. टेबलावरचे सोबती, गावातली एखादी म्हातारी, कुणीही. सर्वांत वरच्या पायरीवर नवी शक्ती देण्याऐवजी, त्याने ज्यांना दीक्षा दिली त्यांच्याच हातून पुन्हा दीक्षा मागावी. ज्याला हे जाचक वाटेल त्याने साधा लढवय्या निवडावा; तो वर्गही खेळात पहिल्यापासून आहे, आणि त्याला कुणी जाब विचारत नाही.