न पाहिलेले मूल



आजारी मूल समोर असताना, फळाची खात्री नसलेल्या संशोधनाला दान का द्यावे?

बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना नवे औषध दिले. १० मुलांना थोडे दिवस आराम पडला, पण पुढे आजार उलटला. तरीही १९४८ साली सामान्य माणसांनी त्यांच्या ‘जिमी फंडा’त पैसे टाकले. आज, पूर्ण उपचार मिळणाऱ्या देशांत, मुलांमधल्या या कर्करोगाच्या मुख्य प्रकारातून सुमारे ९० टक्के मुले बरी होतात.

दाखल्यातल्या पेरणाऱ्याचेही बरेच बी वाया गेले. दारातल्या मुलाचा हक्क पहिला, हे खरेच. परंतु ज्याचा चेहरा आपण कधी पाहणार नाही, ते मूलही आपला शेजारीच आहे.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू