काम करून दमलेल्यांचा विश्वास

बसवकल्याणात कामाची महती कोणाला पटवून द्यावी लागत नाही. बाराव्या शतकात बसवण्णांभोवती इथे जे शरण जमले त्यांत होडी चालवणारे अंबिगर चौडय्या होते, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या होते, चामड्याचं काम करणारे हरळय्या होते. स्वतः राबून मिळवायचं ते कायक आणि त्यातलं वाटून टाकायचं तो दासोह, एवढं इथलं शाळकरी पोरही सांगतं. बीदर जिल्ह्यात मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीही काही पिढ्यांपासून आहेत. शेजाराला राहणाऱ्यांच्या गप्पा कधी ना कधी देवाधर्मावर येतात, आणि मग एक प्रश्न हटकून निघतो. तुमच्यात म्हणे नुसता विश्वास ठेवला की तारण होतं. मग माणूस वागतो कसा, ते कोणी बघतच नाही का?

प्रश्नाला थोडं टोक आहे, पण तो काही उगाच काढलेला नाही. ख्रिस्ती लोक आपसातही याच प्रश्नावर भांडत आले आहेत, आणि भांडणाची दोन्ही टोकं बायबलमध्येच सापडतात. रोमच्या मंडळीला लिहिताना पौलाने अब्राहामाचा दाखला दिला. सुंता होण्याआधी, मोशेचं नियमशास्त्र येण्याच्या तर कितीतरी आधी, हा माणूस देवाच्या शब्दावर विसंबला आणि तेवढ्यानेच देवाने त्याला नीतिमान ठरवलं. याकोबाने आपल्या पत्रात तोच अब्राहाम घेतला, पण प्रसंग पुढचा निवडला: पोटच्या इसहाकाला वेदीवर ठेवणारा बाप. जो विश्वास हातापायांत उतरत नाही तो कोणाला तारणार, असा याकोबाचा सवाल आहे. उघड्या, उपाशी भावाला नुसत्या गोड शब्दांवर वाटेला लावणाऱ्याचं उदाहरणही तो देतो, आणि ते वाचताना आपलाच कोणीतरी सज्जन परिचित डोळ्यांपुढे येतो. कधी कधी परिचित नसतो, आरसा असतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1517 मध्ये मार्टिन लूथरने पापाच्या शिक्षेतून पैसे घेऊन सूट देणाऱ्या पत्रकांवर हल्ला चढवला, आणि माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो हा त्याचा मुख्य मुद्दा झाला. याकोबाचं पत्र त्याला इतकं अडचणीचं वाटलं की 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्याला चक्क गवताच्या काडीची किंमत दिली. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये रोमन कॅथलिक बाजूने उत्तर दिलं: आरंभ कृपेचाच, पण माणसाचा होकार आणि त्याची करणी वगळून चालणार नाही. हे भांडण मिटवण्याचा जाहीर प्रयत्न व्हायला 1999 साल उजाडलं. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण कृपेने मिळतं आणि सत्कृत्यं ही त्याची फळं, असा त्या घोषणेचा गाभा आहे. मेथडिस्ट मंडळ्यांच्या जागतिक परिषदेने 2006 मध्ये सोलला तिला दुजोरा दिला. साडेचारशे वर्षांच्या वादाचं उत्तर दोन ओळींत मावतं हे पाहून हसावं की हळहळावं, कळत नाही.

मला त्या दोन ओळींपेक्षा एक वेगळीच गोष्ट विचार करायला लावते. कृपा आणि विश्वास यांवर ज्यांनी सगळ्यांत जास्त भर दिला त्या माणसांची आधीची आयुष्यं पाहावीत. त्यांतलं कोणीच आळशी नव्हतं. लूथर मठात उपास आणि जागरणं करकरून शरीर झिजवणारा संन्यासी होता. मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये असताना बुधवार-शुक्रवार उपास करायचा, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचा, पगारातला मोठा हिस्सा वाटून टाकायचा. पुढे धर्मप्रसारासाठी अमेरिकेत जॉर्जियाला गेला आणि हताश होऊन परतला. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या बैठकीत कोणीतरी लूथरची रोमकरांच्या पत्रावरची प्रस्तावना वाचत होतं. ऐकता ऐकता वेस्लीच्या मनात पहिल्यांदा उमटलं की आपलं पाप ख्रिस्ताने उचललेलं आहे, आपण ते फेडत बसायचं कारण नाही. आता तो आरामात बसला असेल असं वाटावं. पण तो घोड्यावर बसला आणि पुढची पन्नास वर्षं खाणकामगारांपुढे उघड्यावर उपदेश करत फिरला. गरिबांसाठी दवाखाना काढला. गुलामगिरीविरुद्ध 1774 मध्ये पुस्तिका लिहिली. 1743 मध्ये त्याने आपल्या मंडळ्यांना जे नियम घालून दिले त्यांत वाईट टाळणं आणि जमेल तेवढं भलं करणं हे प्रार्थनेच्या जोडीनेच आहे.

मराठी मुलखात हीच गोष्ट एका बाईच्या आयुष्यात जास्त ठळक दिसते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत बायकामुलांसह तीर्थोतीर्थी हिंडत. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली. होतं नव्हतं ते पुण्यासाठी दानधर्मात दिलं, उपास केले, प्रदक्षिणा घातल्या आणि तरीही घर कसं रितं झालं, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यावरून एकाच धर्माला नावं ठेवण्याचं कारण नाही. पापाची सूट विकत घेणारा लूथरच्या काळातला ख्रिस्ती शेतकरी त्याच रांगेत उभा होता.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटिज इथल्या भगिनींबरोबर राहताना त्यांनी लंडनमध्ये, समाजाने टाकलेल्या बायकांना जवळ करण्याचं काम पाहिलं. अशा बायकांना कोणी मायेने वागवतं ही गोष्टच त्यांना नवी होती. या भगिनींना असं करायला लावतं कोण, हा प्रश्न त्यांना ख्रिस्ताकडे घेऊन गेला. म्हणजे दुसऱ्यांची करणी पाहून त्या विश्वासाच्या दारात आल्या. याकोबाला हे आवडलं असतं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा शिकू लागल्या, देशाविदेशात नाव झालं. बाहेरून पाहणाऱ्याला आणखी काय हवं होतं?

रमाबाईंना मात्र हवं होतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटला नाही. हे त्यांनी 1907 मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत सांगितलं आहे. इतकी वर्षं त्या समजुतीने, अभ्यासाने, कामाने धर्म पाळत होत्या आणि आत काहीतरी अडकूनच होतं. मग कधीतरी त्यांनी स्वतःची लायकी सिद्ध करण्याचा नाद सोडला आणि जे दिलं जातंय ते घेतलं. हा प्रसंग मला पटतो तो त्यानंतर जे झालं त्यामुळे. 1896-97 च्या दुष्काळात, लहानपणी दुष्काळाने घर गमावलेली ही बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आली. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छापखाना, शेती, दूधदुभतं, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथे चालू झालं. 1912 मध्ये आमच्या शेजारच्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, त्यांनी ख्रिस्ती हायस्कूल काढलं आणि त्याचा भार मुलीवर, मनोरमाबाईंवर टाकला. निजामाच्या राज्यातला हा मागासलेला भाग. इथे शाळा काढून लंडन-न्यूयॉर्कमध्ये टाळ्या मिळणार नव्हत्या. रमाबाईंची तेव्हा पन्नाशी उलटली होती, कान अधू झाले होते, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचं काम अजून हातात होतं. तारणाची काळजी तर त्यांच्या मते वीस वर्षांपूर्वीच मिटली होती.

मला वाटतं, पौल आणि याकोब यांच्यात तसा विरोध नाही. ते वेगवेगळ्या माणसांशी बोलत आहेत. केलेल्या प्रत्येक भल्या कामाची देवाच्या वहीत नोंद झाली की नाही हे पाहत जो रात्रभर जागतो, त्याला पौल वही मिटायला सांगतो. वही कधी उघडलीच नाही आणि तोंडाने मात्र 'प्रभू, प्रभू' चालू आहे, त्याला याकोब धरतो. घोटाळा होतो तो पौलाचं बोलणं आळशी माणसाने आणि याकोबाचं बोलणं दमलेल्या माणसाने ऐकलं की. दर रविवारी पाळकासमोर दोन्ही प्रकारची माणसं एकाच बाकावर बसलेली असतात, त्याला बिचाऱ्याला तरी काय म्हणावं.

इथे एक अप्रिय गोष्टही बोलायला हवी. रमाबाईंच्या कामावर तेव्हाच आक्षेप आला होता की शिक्षणाच्या आडून धर्मांतर चाललंय. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर शारदासदनाच्या सल्लागारपदावरून दूर झाले. सत्कृत्याला आमिषाचा वास येतो ही तक्रार आजही इथल्या जिल्ह्यांत ऐकू येते. ती दर वेळी खरी नसते, दर वेळी खोटीही नसते. पण ख्रिस्ती शिकवणीच्याच कसोटीला लावायचं तर माणसं मोजण्यासाठी केलेली सेवा पुन्हा त्या वहीतच जाऊन पडते, मग ती कितीही विश्वासाने केलेली असो.

कल्याणातले आयदक्की मारय्या रोज सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणत आणि त्यांत दासोह चालवत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा बायको लक्कम्मा यांनी विचारलं की हा लोभ कुठून आला, आणि जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला लावलं. मारय्या आणखी माणसं जेवू घालणार होते, त्यात वाईट ते काय? लक्कम्मांना मात्र नवऱ्याच्या हातातल्या ओंजळीपेक्षा त्याच्या मनातली मोजणी दिसली होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी ज्यांना राज्य मिळतं तेही गोंधळून विचारतात की प्रभू, आम्ही तुला कधी जेवू घातलं? त्यांच्याकडे नोंदच नसते. कल्याणची ही गोष्ट आणि मत्तयाचा तो अध्याय एकच आहेत असं मी म्हणणार नाही; शिवशरणांचं तत्त्वज्ञान आणि क्रूसाची शिकवण यांची मुळं वेगळी आहेत, आणि ख्रिस्ती माणूस तारणाबद्दल बोलतो तेव्हा क्रूस बाजूला ठेवून बोलूच शकत नाही. पण लक्कम्मा मत्तय वाचताना अडखळल्या नसत्या.

अडखळायला होतं ते मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर थोडे थोडे आणखी लावत जातो, शेवटचे तर दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, आणि वाटप शेवटच्यापासून सुरू करतो. उन्हातान्हात राबलेल्यांची कुरकुर मला अजूनही रास्त वाटते. चौकात कामासाठी उभ्या राहणाऱ्या कोणालाही विचारा, तो त्यांचीच बाजू घेईल. मालक म्हणतो, तुझं ठरलेलं तुला मिळालं, माझ्या चांगुलपणाने तू का जळतोस? तासभर काम करून पूर्ण दिवसाची मजुरी घेऊन गेलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो, हे येशू सांगत नाही. कष्टावाचून मिळालं म्हणून तो घरी झोपला असेल, असं आपण पटकन धरून चालतो. वेस्ली आणि रमाबाई यांच्याकडे पाहिलं तर तो दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी मळ्यात आला असावा.