लाल वायरवरचे साडेतीनशे मिलिव्होल्ट

ओझर (मिग)

चि. सोनू,

तुझ्या मॉडेल विमानाबद्दलचा मेसेज आईच्या फोनवरून आला. चारच ओळी. ‘70 एमएमचं जेट, सहा सेलची बॅटरी. टेकऑफ झकास. पाऊण मिनिटात दमतं, जोर जातो. खाली आणून पाच मिनिटांनी थ्रॉटल दिला की पुन्हा ठीक. आजोबा, ईएससी गेलाय, नवीन 100 अँपिअरचा मागवते.’

मागवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

आधी एक सांग. जोर गेला तेव्हा शेपटी ऐकत होती का? म्हणजे काडी हलवली की विमान वळत होतं का? तू ते नीट उतरवलंस, त्या अर्थी वळत असणार. मग रिसीव्हरला आणि सर्व्होंना वीज मिळत होती. ईएससीमधलं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या त्या पेटीतलं, पाच-सहा व्होल्टचं सर्किट, ज्याला आपण बेक म्हणतो, ते शाबूत आहे. चाकं आत घेताना सगळंच क्षणभर मेलं असतं, तर मी तिकडे बोट दाखवलं असतं. आता आपल्याला फक्त बॅटरी ते पंखा एवढाच रस्ता तपासायचा आहे.

दुसरं, आवाज कसा होता? एकदम थ्रॉटल दिल्यावर किंचाळी फुटून पंखा अडखळला, तर मोटर आणि ईएससीचा ताल चुकला असं समजायचं आणि टायमिंगची सेटिंग बघायची. मोटरचा आवाज चढला पण ढकल आली नाही, तर पंखा शाफ्टवर घसरतोय, कॉलेट आवळायचा. तुझ्याकडे तसं काही नाही. तू लिहिलंस ‘दमतं’, आणि शब्द बरोबर निवडलास. दमण्यामागे एक तर व्होल्टेज असतं, नाही तर उष्णता. बहुतेक वेळा दोन्ही.

आता जरा हिशोब कर. तुझा पंखा पूर्ण थ्रॉटलला साधारण 70 अँपिअर ओढतो. 22 व्होल्ट धरले तर झाले 1540 वॉट. आईच्या स्वयंपाकघरातले 750 वॉटचे दोन मिक्सर एकदम लावावेत, तेवढी ताकद त्या फोमच्या पोटात फिरते. बॅटरी 4000 एमएएचची. पूर्ण थ्रॉटलवर ती साडेतीन मिनिटांतच कोरडी होईल, म्हणून टायमर तीन मिनिटांच्या वर लावू नकोस आणि थ्रॉटल हातात खेळव.

भरलेला सहा सेलचा पॅक 25.2 व्होल्ट दाखवतो. ओझ्याखाली तो 21.6 च्या, म्हणजे सेलमागे 3.6 च्या, वर राहिला तर बरा. ईएससीला सेलमागे 3.2 चा कटऑफ लावलेला असेल, तर 19.2 ला तो स्वतःहून जोर काढून घेतो. बिचारा बॅटरी वाचवत असतो आणि आपण त्यालाच शिव्या देतो. थोडा वेळ थांबलं की बॅटरीचं व्होल्टेज पुन्हा वर येतं, म्हणून जमिनीवर सगळं ठीक वाटतं.

व्होल्टेज का पडतं, हा खरा प्रश्न. चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध बघ. पाच सेल 3-4 मिलिओहम आणि सहावा 9 असेल, तर तो एकटा 70 अँपिअरला 0.63 व्होल्ट खातो. पॅक फुगलाय का तेही बघ. फुगला असेल तर रोधबिध मोजत बसू नकोस, तो निवृत्त. आणि इकडे निफाडचा पारा घसरतो तशा पहाटे लिपो बॅटरी आळशी होते, रोध वाढतो. मी पॅक स्वेटरच्या आत धरून मैदानावर नेतो. लोक हसतात, हसू देत.

पण माझा संशय बॅटरीवरही नाही. तो तू मागे पाठवलेल्या फोटोवर आहे. त्यात कनेक्टरवरचं सोल्डर दाणेदार आणि करडं दिसत होतं.

कारखान्यात मी तीस वर्षं वायरिंगच केलं, तरी ही चूक मीही केली आहे. निवृत्तीनंतरचं माझं पहिलं जेट, घरात फक्त 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न. जाड तांब्याची वायर त्याची सगळी उष्णता पिऊन टाकत होती. सोल्डर वरवर चिकटलं, आत गेलंच नाही. रेडिओवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात ते. जेट दमायला लागलं. मी दोन ईएससी बदलले, एक मोटर बदलली, तुझ्या आजीची बोलणी खाल्ली. शेवटी उतरल्या उतरल्या कनेक्टरला बोट लावलं आणि फोड आला. त्या सांध्याचा रोध पाचच मिलिओहम होता. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. 70 गुणिले 70 गुणिले 0.005, साडेचोवीस वॉट. ज्या आयर्नने सांधा बिघडवला, तेवढ्याच ताकदीचं आयर्न मी विमानात बसवून उडवत होतो.

तर असं कर. जेट खुर्चीला नाही, भिंतीतल्या हुकाला बांध. पंख्याच्या चकतीच्या रेषेत उभी राहू नकोस, पातं सुटलं तर तिकडेच जातं. केस बांध, ओढणी घरात ठेव, कारण पुढचं भोक काहीही गिळतं. बाबांना थ्रॉटलवर बसव. मल्टिमीटर डीसी 2 व्होल्टवर. दोन्ही टोकं एकाच लाल वायरवर, एक कनेक्टरच्या अलीकडे, एक पलीकडे. चुकून एक लाल आणि एक काळीवर लागलं तरी मीटर फक्त मर्यादेबाहेर दाखवेल, त्याचं काही बिघडणार नाही, पण तेव्हा टोकं एकमेकांना भिडली तर ठिणगी डोळ्यांत येईल, म्हणून चष्मा. पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद, आकडा लिही. मग तेच काळ्या वायरवर. चांगल्या सांध्यावर शंभर मिलिव्होल्टच्या आत दिसेल. साडेतीनशे दिसले तर चोर सापडला. सगळे सांधे बोटाने चाचप, पण बॅटरी काढल्यावरच.

सांधा पुन्हा करायला 80-100 वॉटचं आयर्न आण. वायर आणि कनेक्टरचा कप दोन्ही आधी वेगवेगळे टिन कर.

आकडे चांगले आले, तर ईएससी बघू. तू तो फोममध्ये गाडून ठेवला आहेस, वाऱ्याला वाटच नाही. हे ईएससी साधारण 110 अंशांना जोर कमी करतात. पोटाला एक खिडकी काप आणि तो तिथे सरकव. मात्र त्यासाठी बॅटरीकडच्या वायरी लांबवू नकोस, त्याने ईएससीचे कपॅसिटर तापून मरतात. लांबवायच्या तर मोटरकडच्या तीन वायरी.

माझा जुना मल्टिमीटर कुरिअरने पाठवतोय. त्यातला 9 व्होल्टचा सेल बदलून घे, तो संपत आला की मीटर खोटं बोलतो. लाल आणि काळ्या वायरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून फोटो पाठव. ईएससीचं मग बोलू.

तुझा,
भाऊआजोबा